सुट्टीचीही सावड करावी

डोंबिवली ते खोपोली : एका दिवसाची कौटुंबिक सहल



गव्हाणीत शेवटची मोळी पडली, तोडणी मजुरांच्या कोप्या उठल्या, की आपल्या कार्यक्षेत्रातील गावांतून दरवर्षी एक हालचाल सुरू होते. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात. एस.टी. स्टँडवर आंब्याच्या पाट्या, कडधान्याच्या पिशव्या आणि लहान पोरे घेऊन माणसे उभी दिसतात. कोणाचा भाऊ ठाण्याला, कोणाची लेक कल्याणला, कोणाचा पुतण्या डोंबिवलीला. घाटावरची माणसे आधी गिरण्यांत आणि रेल्वेत गेली, पुढे डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत लागली आणि तिकडेच त्यांची बिऱ्हाडे झाली. ज्याचे कोणीच त्या बाजूला नाही असे घर आज आपल्या भागात शोधावे लागेल.

पूर्वी मुंबईच्या बाजूला गेलेले पोर राणीचा बाग आणि चौपाटी पाहून आले की वर्षभर तेच सांगत बसायचे. आताची मुले विचारतात, ‘इमॅजिकाला नेणार का?’ हे इमॅजिका म्हणजे काय, ते किती लांब आहे, खर्च किती येतो, म्हाताऱ्या माणसांना झेपते का, अशी विचारणा अनेक सभासद करतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सात जण डोंबिवलीहून तेथे जाऊन एका दिवसात परत आलो. त्याची माहिती द्यावी म्हणून हा लेख. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. आम्हांला घरातून निघता आले कसे, ही ती गोष्ट.

घर सोडायचे कसे?

शेतकऱ्याची सहल पैशावाचून अडते असे सगळे म्हणतात. ते काही अंशी खरे आहे. पण ज्या वर्षी उसाचे बिल वेळेवर मिळते, हातात चार पैसे असतात, त्या वर्षी तरी आपण कुठे जातो? खरी अडचण गोठ्यात असते. आमच्याकडे दोन गाई आणि एक म्हैस. सकाळ-संध्याकाळ धारा, डेअरीला दूध, शिवाय उन्हाळ्यात खोडव्याचे पाणी. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळे लग्नकार्य असो की तीर्थयात्रा, घरातले एक माणूस मागे राहणार हे ठरलेलेच. आणि मागे राहणारे माणूस बहुतेक वेळा बाईमाणूस असते. आमच्या घरी कधी आई राहिली, कधी सौ. राहिली. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण घरातली सगळी माणसे मिळून एक रात्र बाहेर राहिलो असे मला आठवत नाही.

धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो. त्याने फोनवर सांगितले, ‘यंदा सगळ्यांनी या. पोरांना घेऊन खोपोलीला जायचंय.’ आई लगेच म्हणाली, ‘तुमी जाऊन या, मी हाय घरी.’ सौ. म्हणाली, ‘आईंचे गुडघे असे, त्या धारा कशा काढणार? तुम्ही मायलेक जावा, मी थांबते.’ दोघींचे म्हणणे बरोबर होते आणि दोघींचे ऐकले असते तर बेत तिथेच संपला असता.

तेव्हा सावडीची आठवण झाली. जुन्या सभासदांना सावड सांगायला नको. तुझे बैल माझ्या नांगराला, माझे बैल तुझ्या मोटेला; आज तुझी भांगलण, उद्या माझी. बैल गेले, ट्रॅक्टर आला, रोजंदारीचा हिशेब रोख झाला आणि सावड मोडली. शेजारी आमचे चुलतभाऊ राहतात. त्यांना विचारले, ‘तीन दिवस आमचा गोठा आणि पाणी तुम्ही बघा, तुम्हांला लेकीकडे कल्याणला जायचं असेल तेव्हा तुमचं आम्ही बघू.’ ते लगेच तयार झाले. म्हैस परक्या हाताला पान्हा चोरते, म्हणून चुलतभावजय चार दिवस आधीपासून सौ.बरोबर गोठ्यात येऊन धार काढू लागली. पाचव्या दिवशी म्हशीने कुरकूर केली नाही. त्याच दिवशी आम्ही पिशव्या भरल्या.

पुढे ते कुटुंब कल्याणला गेले तेव्हा त्यांच्या शेळ्या आणि उसाचे पाणी आम्ही सांभाळले. दोन्ही घरांत पैशाची देवघेव झाली नाही.

शहराकडचीही तीच गत

डोंबिवलीकरांना आपण सुखी समजतो. महिन्याचा पगार, नळाचे पाणी, बटण दाबले की पंखा. पण तिथे दोन दिवस राहिले म्हणजे कळते की त्यांना सुट्टी मिळणे आपल्याइतकेच अवघड आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातून रोज सकाळी लाखो माणसे मुंबईकडे जातात. दारात लोंबकळत जायचे आणि तसेच परत यायचे. भाऊ सकाळी पोरे उठायच्या आत जातो, ती झोपायच्या वेळेला येतो. भावजय शाळेत नोकरी करते. रविवार आला की आठवड्याचे दळण, कपडे, बाजार, पोरांचा अभ्यास. एका घरात राहून चौघे जण दिवसभर एकत्र असे क्वचितच.

सहलीसाठी मंगळवार धरला, कारण शनिवार-रविवारी गर्दी फार. भावाने कंपनीतल्या एका सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली. त्याच्या बदल्यात गणपतीच्या दिवसांत याने त्याची पाळी करायची. मी म्हणालो, ‘ही तर सावडच झाली.’ भाऊ हसला. म्हणाला, ‘इकडं तिला ॲडजस्टमेंट म्हणतात.’

ठाण्याची हद्द ओलांडताना

हा प्रवास लोकल गाडीने होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. डोंबिवलीहून खोपोलीकडे जाणारी गाडी मिळाली तर मध्ये बदलावी लागत नाही; नाही तर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरायची. सकाळची सगळी गर्दी मुंबईच्या दिशेला. आपण उलट दिशेला निघालेलो, त्यामुळे बसायला जागा मिळाली. भाऊ खिडकीशी बसला आणि म्हणाला, ‘सकाळच्या गाडीत खिडकी पहिल्यांदाच मिळतेय.’

हा रेल्वेमार्ग देशातल्या अगदी जुन्या मार्गांपैकी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. १८५४ साली गाडी कल्याणला पोहोचली आणि १८५६ साली खोपोलीला. पुढे बोरघाट आडवा. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ साली सुरू झाली, पण मधला घाट काही वर्षे पालखी, डोली, नाही तर पायी चढावा लागे. १८६३ साली घाटातून रूळ गेले, मुख्य रस्ता कर्जतवरून वर वळला आणि खोपोली फाट्यावर राहिली.

कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने लागतात. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. बदलापूर सुटले की इमारती विरळ होतात आणि उल्हास नदीचे खोरे दिसू लागते. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या लोकांना हा टापू वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने आणि आसपासच्या लोकांनी बोटीतून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. उन्हाळ्यात तीच नदी पाहिली तर तिच्यात एवढे पाणी येत असेल यावर विश्वास बसत नाही.

वांगणी हे ठाणे जिल्ह्यातले या वाटेवरचे शेवटचे स्टेशन. पुढचे शेलू रायगड जिल्ह्यात. हा जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जाई. पुतणीने शाळेत जिल्ह्यांचे नकाशे काढलेले, त्यामुळे ती डोळे लावून बसली होती. ‘आजी, आता हद्द ओलांडली!’ आईने बाहेर पाहिले आणि विचारले, ‘नाका कुटं हाय?’ नाका नाही, कमान नाही, फलकही दिसला नाही. इकडची भातखाचरे आणि तिकडची भातखाचरे सारखीच. ‘आपल्या कारखान्याची हद्द तरी उसाच्या गाड्यांवरनं कळती,’ आई म्हणाली.

पुढे नेरळ. येथून १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी वर जाते. मग कर्जत. कर्जतचा वडा खाल्ल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा भावाच्या घरचा नियम. आणि मग डोंगराच्या पायथ्यापायथ्याने खोपोली.

खोपोलीत आपल्यासारख्या ऊस उत्पादकांनी पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. घाटमाथ्यावरून खाली उतरणारे मोठमोठे नळ. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी या नळांतून खाली सोडून टाटांनी १९१५ साली येथे वीज तयार करायला सुरुवात केली. ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. वीज तयार झाल्यावर ते पाणी पाताळगंगेत जाते आणि पश्चिमेला समुद्राकडे वाहते. तलाव बांधले नसते तर हेच पाणी इंद्रायणीवाटे भीमेला मिळाले असते. भीमेच्या काठी ऊस लावणाऱ्या माणसाने हे नळ पाहिले म्हणजे पाण्याच्या वाटपाची भाषणे जास्त चांगली समजतात.

गावात नाना फडणविसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ आणि तळे आहे. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक जवळच आहे. आईची अट होती, आधी महडचे दर्शन आणि मग तुमचा तो खेळ. त्याप्रमाणे जीप ठरवली, दर्शन घेतले आणि पाली रस्त्याने उद्यानाकडे गेलो.

संत्र्याच्या बागेपासून खालापूरपर्यंत

अशा उद्यानांची सुरुवात अमेरिकेत झाली असे म्हणतात, पण जत्रेतला पाळणा आपल्याकडेही जुनाच आहे. फरक असा की जत्रेत पाळणेवाला पाळणा गावोगाव नेतो. येथे पाळणे एका जागी आणि माणसे त्यांच्याकडे जातात. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा तो सगळा भाग संत्र्याच्या बागांचा होता. स्वस्त जमीन आणि नवा मोठा रस्ता या दोन गोष्टी पाहून जागा निवडली होती. पुढेही बहुतेक उद्यानांनी हाच मार्ग धरला.

आपल्या देशात दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद पडले. मुंबईत गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उघडले. ठाणे-डोंबिवलीच्या एका पिढीने शाळेची सहल म्हणून खाडीवर होडीत बसून तेच पाहिले. तेही २०२२ च्या सुमारास बंद झाले. खुद्द ठाण्यात मानपाड्याजवळ येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी टिकुजिनी वाडी आहे. ज्यांना जिल्ह्याबाहेर जायचे नाही, लहान मुले बरोबर आहेत, त्यांना ती सोयीची.

इमॅजिका २०१३ साली रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात सुरू झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यामुळे दोन्ही शहरे जवळ आली होती. म्हणजे अनाहाइमचाच हिशेब येथेही होता. चित्रपट व्यवसायात नाव असलेले मनमोहन शेट्टी यांनी ते उभे केले. २०१४ साली शेजारी जलक्रीडा उद्यान झाले. तिकीट वेगळे असते, म्हणून कोठे जायचे ते आधी ठरवावे. आम्ही पाण्याच्या उद्यानात गेलो नाही. आईला आणि सौ.ला ते नको होते.

आत काय पाहिले?

सगळ्यांत नावाजलेली गाडी ‘नायट्रो’. लोखंडी रुळांवरून ती वर चढते, मग उलटीपालटी होत खाली येते. बसणाऱ्याच्या पायाखाली तळ नसतो, पाय मोकळे लोंबतात. प्रत्येक मोठ्या खेळाजवळ उंची मोजायची पट्टी असते. पुतण्या चवड्यावर उभा राहून पाहत होता, पण तिथल्या कामगाराने हसत त्याचे खांदे दाबले आणि टाचा टेकवल्या. तरी तो पट्टीच्या वर भरला. पुतणी भरली नाही आणि अर्धा तास रुसली. उंचीची ही अट जिवाच्या काळजीची आहे. आडदांड पट्टा लहान शरीराला धरत नाही. तेव्हा मुलांच्या हट्टाखातर कामगाराशी हुज्जत घालू नये. भाऊ आणि पुतण्या बसले. खाली उतरल्यावर भाऊ दहा मिनिटे बोलला नाही. मी बसलो नाही. ज्याने उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवर बसून ओढा ओलांडला आहे त्याला हौस उरलेली नसते.

‘राजासौरस’ नावाची होडी आहे. अंधारातून होडी जाते, बाजूला अजस्र सरडे ओरडतात आणि शेवटी होडी पाण्यात आदळून सगळे भिजतात. राजासौरस हे नाव कोणी गमतीने ठेवलेले नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात ज्याची हाडे सापडली त्या खऱ्या प्राण्याचे शास्त्रज्ञांनी २००३ साली ठेवलेले ते नाव आहे. हे पुतणीने सांगितले आणि तिचा रुसवा गेला.

आईसाठी दोन खेळ योग्य ठरले. एक, गोल फिरणारे घोड्यांचे चक्र. त्यावर ती नातीबरोबर घोड्याशेजारच्या बाकावर बसली. दुसरा, ‘आय फॉर इंडिया’. खुर्चीत बसवून समोर मोठ्या पडद्यावर देशभरची प्रसिद्ध ठिकाणे अशी दाखवतात, की आपण वरून उडत चाललो आहोत असे वाटावे. खुर्ची हलते, वारा लागतो. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘चारधाम न्हाय झालं, पर वरनं बगितलं.’

ऊन फार होते. उन्हाळ्यात फरशी तापते, सावलीच्या जागा भरलेल्या असतात. रांगा मंगळवार असूनही लांब होत्या. एका रांगेत आम्ही बराच वेळ उभे होतो. मी सौ.ला म्हणालो, ‘कंटाळलीस का? बस जा सावलीला.’ ती म्हणाली, ‘नाही. इथं नुसतं उभं राहायलाही बरं वाटतंय. कुणी हाक मारत नाही.’

मी त्यावर काही बोललो नाही. पण त्या दिवशीच्या सगळ्या खेळांपेक्षा हे वाक्य मला जास्त लक्षात राहिले आहे.

उद्यानाचे गाळप

आता थोडे धंद्याचे बोलू. आपण भागधारक माणसे. कुठलाही मोठा कारखाना पाहिला की ‘हा चालतो कसा?’ हा प्रश्न मनात येतोच.

साखर कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असते. बॉयलर पेटवला, कामगार घेतले, कर्जाचे व्याज सुरू झाले, की ऊस येवो न येवो, खर्च चालूच राहतो. ऊस कमी पडला की तोटा. उद्यानाचेही तसेच आहे. पाळणे बसवले, वीज घेतली, माणसे नेमली. आत पाचशे लोक आले काय आणि दहा हजार आले काय, रोजचा खर्च फारसा बदलत नाही. त्यांचा कच्चा माल म्हणजे लोकांचा मोकळा दिवस. आणि तो माल फार हंगामी. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि शनिवार-रविवार; एरवी परीक्षा, नोकरी, पेरणी.

इमॅजिकाच्या उभारणीला हजार कोटींवर भांडवल लागले आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा होता. २०१५ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. अपेक्षेइतके लोक मात्र आले नाहीत. कर्ज फिटेना. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा अशा उद्यानांवर २८ टक्के कर बसला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. पुढे मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि दारेच बंद झाली. अखेर कर्ज देणाऱ्या संस्थांनी तडजोड केली आणि २०२२ साली उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाच्या ताब्यात गेले. संगमनेर म्हणजे आपल्या सहकाराच्या आणि उसाच्याच मुलखातले गाव. शिर्डीचे ‘साईतीर्थ’ आणि शिर्डी-लोणावळ्याची जलउद्याने याच समूहाची.

पाळणे मजबूत होते, रस्ता मोठा होता, दोन्ही बाजूंना दोन महानगरे होती. कमी पडले ते लोकांचे मोकळे दिवस. शहरात लोकसंख्या किती हे मोजता येते. पण त्यांतल्या किती कुटुंबांना एकाच दिवशी घराबाहेर पडता येईल हे मोजणे अवघड. क्षमता मोठी धरून कर्ज काढायचे आणि मग ऊस शोधत हिंडायचे, ही गोष्ट आपणही आपल्या भागात पाहिलेली आहे. म्हणून विस्तारवाढीचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे येईल तेव्हा ‘यंत्रे किती मोठी?’ याआधी ‘ऊस किती दिवस पुरेल?’ हे विचारावे.

चार गुंठे ऊस

खर्चाचा हिशेब लपवण्यात अर्थ नाही. तिकिटाचे दर दिवस पाहून बदलतात, गर्दीच्या दिवशी जास्त असतात, म्हणून आकडा देत नाही. आमच्या सात जणांची तिकिटे, लोकल, जीप आणि खाणे मिळून जे झाले ते साधारण चार टन उसाच्या पैशाइतके होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये हा रास्त व किफायतशीर दर आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. त्यावरून ज्याचा त्याने अंदाज करावा. एकरी ४० टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन. म्हणजे आम्ही चार गुंठे ऊस एका दिवसात खर्च केला. खर्च दोघा भावांनी निम्मा-निम्मा वाटला.

हे जास्त झाले का? एखादा म्हणेल, चार गुंठ्यांत खताची पोती आली असती. आली असती. पण पाहुणचाराच्या, मानपानाच्या आणि लग्नातल्या फेट्यांच्या खर्चाला आपण असा हिशेब लावत नाही. सहलीलाच लावतो, कारण तिचा फायदा घरातल्या लहानांना आणि बायकांना होतो आणि त्यांनी तो मागितलेला नसतो. दरवर्षी जावे असे मी म्हणत नाही. पाच वर्षांतून एकदा तरी सगळ्या घराने मिळून जावे, एवढेच म्हणतो. आणि इमॅजिकाच हवे असेही नाही. महडचे दर्शन, अंबरनाथचे देऊळ आणि कर्जतचा वडा एवढ्यातही दिवस छान जातो आणि खर्च नाममात्र.

जाणाऱ्या सभासदांसाठी काही सूचना

१. शनिवार, रविवार आणि सणाची सुट्टी टाळावी. उद्यान सकाळी जरा उशिराच उघडते, म्हणून आधी महडचे दर्शन होऊ शकते.

२. अशा बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. कर्जत किंवा खोपोलीत पोटभर खाऊन आत जावे. आजारी माणसांची औषधे जवळ ठेवावीत.

३. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मोठ्या पाळण्यांत बसू नये. तेथील फलक वाचून घ्यावेत.

४. पायांत नवी चप्पल नको. दिवसभर चालणे होते. गुडघे दुखणाऱ्यांना छत्री आणि काठी दोन्ही द्याव्यात.

५. परतीच्या खोपोली गाड्यांच्या वेळा जातानाच स्टेशनवर पाहून ठेवाव्यात. गाड्यांत बरेच अंतर असते. संध्याकाळची गाडी चुकली तर लहान मुलांचे हाल होतात.

६. गर्दीत चुकामूक झाली तर कोठे भेटायचे ते आत शिरतानाच ठरवावे. मुलांच्या खिशात घरच्या फोनचा नंबर लिहून ठेवावा.

सातवी सूचना मागे राहणाऱ्या कामाची. वाडीवरच्या तीन-चार घरांनी एकत्र बसून उन्हाळ्यातल्या तारखा आपसांत वाटून घ्याव्यात. एक घर जाईल, बाकीची त्याच्या धारा आणि पाणी पाहतील. ज्याच्याकडे जनावरे जास्त त्याच्या बदल्यात दुसऱ्याचे जास्त दिवस, असा साधा हिशेब ठेवला की कुरबूर होत नाही. जनावराला नव्या हाताची सवय आठवडाभर आधी लावावी. गोठ्यात कोणते खाद्य किती, मोटर किती वाजता, कोणत्या सरीपासून दार धरायचे, हे कागदावर लिहून द्यावे. आणि एक अट मात्र पक्की असावी. सावड घेणाऱ्या घराने सगळ्यांनी जायचे. ‘मी थांबते’ हे उत्तर घ्यायचे नाही.

आपल्या वाडवडिलांनी बैलांची सावड केली, मोटेची सावड केली, आणि त्याच वळणावर पुढे शेअर्स गोळा करून कारखाने उभे केले. एकट्याला जमत नाही ते चौघांनी मिळून करायचे, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे. सुट्टी ही अशीच गोष्ट आहे. ती एकट्या घराला घेता येत नाही. तेव्हा आडसाली लागणीची धांदल सुरू होण्याआधी शेजाऱ्याशी बोलून घ्या. लागणीची तारीख आपण कारखान्याकडे नोंदवतो, तशी ही तारीखही वहीत लिहून ठेवा. तोंडी ठरलेली तारीख पुढच्या पाणीपाळीला मागे पडते, असा सगळ्यांचाच अनुभव आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद